दोन कानांचा टब

मित्रांनो, मी एक जुना टब आहे. जाड पत्र्याचा, दोन कानांचा. भांड्याच्या कड्यांना कान म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ते धरून उचलण्यासाठी असतात, ऐकण्यासाठी नव्हे. तरी मी ऐकतो. सायकलच्या दुकानात वर्षानुवर्षं एका कोपऱ्यात बसलेल्याने दुसरं करायचं तरी काय?

माझा जन्म कारखान्यात झाला. जन्मल्या जन्मल्या मला तीस भावांसोबत एकात एक रचून ठेवलं. एकत्र कुटुंब म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. आम्हा सगळ्यांच्या पोटावर गुबगुबीत बाळाचं चित्र चिकटवलेलं होतं. म्हणजे आम्ही बाळांच्या आंघोळीसाठी होतो. माझ्या वरचा भाऊ पुढे सिमेंट कालवायला गेला. तेव्हापासून मी चित्रांवर विश्वास ठेवत नाही.

मला घेतलं एका सायकल मिस्त्रींनी. त्यांना नुकतीच मुलगी झाली होती. खाली दुकान, वर घर. रोज सकाळी मुलीला माझ्यात बसवायचे आणि ती बाहेर यायलाच तयार नसायची. पाणी गार झालं, ओठ निळे पडले, तरी बया हलायची नाही. म्हणून मिस्त्री तिला बेडकी म्हणू लागले. ती दोन वर्षांची झाली, माझ्यात मावेना, आणि माझी बदली खालच्या मजल्यावर झाली. मी अर्ज केला नव्हता.

खाली माझ्याकडे पंक्चर शोधायचं काम आलं. ट्यूबमध्ये हवा भरायची, ती माझ्या पाण्यात बुडवून फिरवायची, जिथून बुडबुडे निघतील तिथे भोक. शाळेत याला प्रयोग म्हणतात. आमच्याकडे याला धंदा म्हणतात.

पण खरं सांगतो, पहिली कितीतरी वर्षं मला फारसं काम नव्हतं. मिस्त्री पंक्चर कानाने शोधायचे. फुगवलेली ट्यूब कानाजवळून सावकाश फिरवायचे, डोळे मिटायचे, आणि एकदम एका जागी अंगठा दाबून म्हणायचे, "हा बघा चोर!" गिऱ्हाइकं तोंडात बोट घालायची. दुकानावर पाटीच होती : 'येथे पंक्चर कानाने शोधून मिळेल.' एक गृहस्थ तर नुसती पाटी वाचायला म्हणून सायकलवरून आले आणि वाचता वाचता खिळ्यावरून गेले.

दुकानाची आणखी एक रीत होती. सायकल तयार झाली, की मिस्त्री पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एकच शब्द लिहून तो हँडलला बांधत. 'चालेल.' म्हणजे ही सायकल आता चालेल, बिनघोर न्या. ती चिठ्ठी कधी खोटी ठरली नव्हती. लोक घरी गेल्यावरही ती काढत नसत. एका आजोबांनी तर ती स्वतःच्या काठीला बांधली होती.

मग दोन वर्षांपूर्वी माझे दिवस पालटले. मिस्त्री एकाएकी प्रत्येक ट्यूब, कुणाचं लक्ष नाही असं बघून, माझ्यात बुडवू लागले. मला वाटलं, माझी बढती झाली. अभिमानाने माझा पत्रा फुगला.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की बढती नव्हती. मिस्त्रींना ऐकू येईनासं झालं होतं.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. त्याऐवजी त्यांनी एक युक्ती काढली. कुणी काहीही विचारलं, की ते मान डोलवून म्हणायचे, "चालेल." मित्रांनो, हा फार सोयीचा शब्द आहे. पाना दहाच्या नटाला बसतो तर बाराच्या नटाला बसत नाही. 'चालेल' कुठल्याही प्रश्नाला बसतो.

पोस्टमनबाईंनी विचारलं, "काका, सायकलला जांभळा रंग माराल का?"

"चालेल."

चार दिवसांनी त्या आल्या. "काका, रंग कुठाय?"

"चालेल."

समोरच्या इमारतीतल्या मास्तरांनी विचारलं, "आठवडाभर बाहेर जातोय, आमचं मांजर ठेवून घ्याल?" यावरही तेच. दुसऱ्या दिवशी दुकानात मांजर आलं. मिस्त्रींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू ते सुट्या भागांच्या खोक्यातून चुकून निघालंय.

बेडकी आता मोठी झाली होती आणि बाबांच्या जोडीने दुकानात काम करत होती. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण बाबांचं काय बिनसलंय, ते तिला उमगेना. "बाबा, सगळ्यांना हो म्हणता आणि करत काहीच नाही. हे काय नवीन?" असं ती त्यांच्या पाठीला विचारायची. पाठ गप्प बसायची.

अशात थंडी सरली. थंडीभर लोकांच्या सायकली जिन्याखाली, माळ्यावर, कपडे वाळत घालायच्या कामी अडकून असतात. झाडांना कोवळी पानं दिसली, की सगळ्यांना एकाच सकाळी आठवतं, आपल्याकडे सायकल आहे. मग आमच्या दारात रांग लागते. कुणाची साखळी गंजलेली, कुणाचे ब्रेकचे रबर झिजलेले, कुणाच्या सीटवर उंदराने संसार थाटलेला. एकूणएक सायकलींना ओव्हरऑइल करायचं असतं, म्हणजे सगळी खोलायची, पुसायची, तेल-ग्रीस करून पुन्हा जोडायची.

त्या बुधवारी दारात टेम्पो थांबला. त्यातून बावीस सायकली उतरल्या. पाठोपाठ सायकल क्लबचे सेक्रेटरी उतरले.

"हे काय?" बेडकी म्हणाली.

"रविवारी आमची पहिली फेरी. शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या तयार हव्यात. तुमच्या बाबांना मागच्या आठवड्यातच विचारलंय. चालेल म्हणाले."

"बावीस? तीन दिवसांत?"

"मी पण दोनदा विचारलं. दोन्ही वेळा चालेल म्हणाले. हे बघा, जमत नसेल तर स्पष्ट सांगा. पण मग पुढच्या वर्षीपासून दुसरीकडे जाऊ."

क्लबचं काम गेलं तर दुकानात उरणार काय? मी, मांजर आणि जांभळ्या रंगाची चौकशी. बेडकीने ओढणी कमरेला बांधली आणि सायकली आत घेतल्या.

आत पाय ठेवायला जागा उरली नाही. बेडकीची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मित्रांनो, एक कबुली देतो. माझ्या बुडाला तेव्हा एक बारीक भोक पडलं होतं. जन्मभर लोकांची भोकं दाखवली, आणि स्वतःचं मात्र लपवून बसलो होतो. खाली सतत ओल असायची. मांजर आल्यावर तिचा आळ मांजरावर जाऊ लागला, आणि मीही काही बोललो नाही.

"बाबा, हा टब काढून टाकू का? गळतोय. तसंही तुम्ही कानानेच शोधता."

मिस्त्रींची तिच्याकडे पाठ होती. ते पेडल कसत होते. दिव्याच्या उजेडात तिची सावली हलली, तेवढं त्यांना दिसलं.

"चालेल," ते म्हणाले.

मी ऐकलं. सगळी उमर ज्यांच्या पायाशी काढली, त्यांनी मागे वळूनही न पाहता तसं म्हटलं. पाणी ओतून मला बाहेर भिंतीशी, वाकड्या मडगार्डांच्या ढिगावर ठेवलं. थोड्या वेळाने मांजर आलं, तीनदा गोल फिरलं आणि माझ्यात झोपलं. तेवढीच माणुसकी.

दार उघडं होतं. मला आतलं सगळं दिसत होतं. मिस्त्रींनी एक ट्यूब फुगवली आणि सवयीने माझ्या जागेकडे वळले. तिथे जमीन होती. त्यांनी बाकाखाली पाहिलं. मग बाहेर पाहिलं. मी दिसलो. त्यांचे ओठ हलले. पण टब परत मागायचा, तर कशाला हवाय हेही सांगावं लागणार. त्यांनी ट्यूब कानाशी धरली. डोळे मिटले. एकदा फिरवली, दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा अंगठा कुठेतरी ठेवला.

"हा बघा चोर," ते हळूच म्हणाले. बघायला कुणी नव्हतं.

मित्रांनो, तेव्हा माझा राग गेला.

गुरुवारभर हेच चाललं. शुक्रवारी दुपारी बेडकी ओरडली, "बाबा, तुमची चिठ्ठी बांधलेल्या तीन सायकली बसल्यात! पूर्ण हवा गेलीय! पंक्चर एकीकडे आणि ठिगळ भलतीकडे!" मिस्त्री पुढची ट्यूब फुगवत राहिले. तिने त्या तीन चिठ्ठ्या सोडल्या आणि खिशात घातल्या. 'चालेल' खोटं ठरण्याची ती पहिलीच वेळ होती. रविवारी ती चिठ्ठी बघून कुणी उतारावरून सुटलं असतं तर?

इतक्यात बेडकीने बोलावलेला भंगारवाला हातगाडी घेऊन आला. त्याने माझा कान धरला आणि मला उचललं. आतलं मांजर जागं झालं. ते भंगारवाल्याच्या नाकासमोर, जीव खाऊन, असं फिसकारलं, की ट्रकच्या चाकाची हवा सुटल्यासारखं वाटावं.

"बाबा, हवा जातेय! कुठली ट्यूब?" बेडकी धावतच दारात आली.

"ताई, मांजर पण भंगारात द्यायचंय का?" भंगारवाल्याने विचारलं.

बेडकीने मांजराकडे पाहिलं. मग मागे वळून बाबांकडे. ते दारापासून तीन पावलांवर, स्टुलावर बसले होते. ट्यूब कानाशी, डोळे मिटलेले. मांजर दुसऱ्यांदा फिसकारलं. रस्त्यापलीकडचा माणूस दचकून थांबला. मिस्त्रींची पापणीसुद्धा हलली नाही. ते मन लावून ऐकत होते.

बेडकी त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसली. चेहऱ्यावर सावली पडली, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

मिस्त्रींनी मान डोलवली. "चालेल," ते म्हणाले.

तिला हसू आलं आणि रडूही आलं. कुठलं आधी, ते तिलाही ठरवता येईना. तिने त्यांच्या हातातून ट्यूब काढून घेतली आणि तोंड त्यांच्यासमोर धरून, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "टब. परत. आणू?"

या खेपेला ते चालेल म्हणाले नाहीत. त्यांनी हात फडक्याला पुसले.

"आण गं बेडके," ते म्हणाले. "दोन वर्षं त्याच्याच जिवावर चाललंय."

"सांगायचं नाही का मला?" तिने तसंच सावकाश विचारलं.

"पाटी वाचलीस ना बाहेरची? कान गेले कळल्यावर कोण येणार? आणि तू म्हणाली असतीस, बाबा, पुरे झालं, आता वर बसा."

"वर बसून भिंतींना चालेल म्हणत बसाल. त्यापेक्षा खालीच बरे आहात."

ते तिने असं तोंड वाकडं करून म्हटलं, की मिस्त्रींना ऐकू न येताच हसू आलं.

मला आत आणलं. मांजरासकट. भंगारवाला म्हणाला, "मग बोलावलं कशाला?" त्याला चहा देऊन गप्प केलं. मिस्त्रींनी मला उपडा केला, कोरडा पुसला, पॉलिश पेपरने घासला, सोल्युशन लावलं आणि माझ्या बुडावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ दाबून बसवलं. इतक्या वर्षांत हजारो ठिगळं माझ्यासमोर लागली. हे पहिलं मला लागलं. गार लागतं, मग बरं वाटतं.

त्या बसलेल्या तीन सायकलींपासून सुरुवात झाली. मिस्त्री ट्यूब बुडवत, बुडबुडे बघत, खूण करत. बेडकी ब्रेक, चाकं आणि साखळ्या बघे. काही विचारायचं झालं, तर उठून त्यांच्यासमोर येई. शनिवारी संध्याकाळपर्यंत एकोणीस सायकली तयार झाल्या. बावीस नाही. तिने सेक्रेटरींना फोन करून सरळ सांगितलं, "तीन राहतील. अर्धवट काम करून चिठ्ठी बांधणार नाही."

मग सेक्रेटरी म्हणाले, "तसेही आमच्यातले तिघे पहिला चढ आला की गुडघा धरून बसतात. त्यांच्या सोमवारी द्या. चालेल."

रविवारी एकोणीस सायकली आमच्या दारावरून गेल्या. एकीचीही हवा गेली नाही.

पुढे बेडकी बाबांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. कानात यंत्र बसलं. दुकानात पाऊल टाकताच मिस्त्री थबकले. "हे काय घरघरतंय? कुणाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस नाही?" ते मांजर होतं. मास्तर परत आले तरी ते गेलेलं नाही.

पाटीही बदलली आहे : 'येथे पंक्चर टबात शोधून मिळेल. कृपया समोर येऊन बोला.' अख्ख्या पाटीत दुरुस्ती करणाऱ्याचा उल्लेख नाही. माझा आहे.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरी कुणी फार वेळा 'चालेल' म्हणू लागलं, तर ते ऐकून निघून जाऊ नका. परत फिरा, त्यांच्यासमोर उकिडवे बसा आणि पुन्हा एकदा विचारा. कधी कधी भोक तिथेच असतं. आणि जुना टब टाकायच्या आधी तो कुणाच्या कामाचा आहे, तेही बघा. बारीक भोक असेल तर ठिगळ लावता येतं.

त्या शुक्रवारी ठिगळ वाळल्यावर मिस्त्रींनी माझ्यात पाणी भरलं आणि चहा संपेपर्यंत वाट पाहिली. जमीन कोरडी राहिली. मग त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, त्यावर तोच शब्द लिहिला आणि तो माझ्या उजव्या कानाला बांधला. मला चाकं नाहीत, पण मी वाद घातला नाही.