निळ्या दिव्याला निरोप

मित्रांनो, केजच्या बाजारपेठेत एका किराणा दुकानामागच्या घरात, धान्याच्या पोत्यांच्या वासात राहणारा मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या कडा झिजल्या आहेत आणि दोन कळा निखळल्या आहेत. पण कुशीतलं एक छोटं बटण अजून शाबूत आहे, आणि माझी सगळी कहाणी त्या बटणाची आहे.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पुण्यात अपेक्षाच्या टेबलावर आलो तेव्हा माझी ऐट काही विचारू नका. बटण सरकवलं की निळा दिवा लागे आणि मी तारेवाचून, वायफायने, जगाशी बोलू लागे. हवेत हाक मारायची, की कुठून तरी ओ यायचीच.

मग अपेक्षा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि तिच्या पिशवीतून मीही केजला आलो. तिच्या आईने, शांतादेवींनी, माझ्या झाकणावर विभूतीची तीन बोटं ओढली. निळा दिवा पाहून त्या हरखल्या. मला मात्र करमेना. त्या काळी तिथे माझ्या हाकेला ओ देणारं यंत्र एकही नव्हतं. तरी दिवा लागला की मी हाका मारत सुटे. आभाळ लांबवर मोकळं, आणि त्यात मी स्वप्नात चालल्यासारखा एकटाच हिंडे. हिंडून हिंडून माझी बॅटरी लवकर उतरे. अपेक्षा बटण बंद करी आणि ती वळली की शांतादेवी ते हळूच पुन्हा सरकवत. घरातला दिवा आपल्या हाताने मालवू नये, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवसांत घरावर मोठी काळजी होती. अपेक्षाच्या वडिलांच्या, म्हणजे ईश्वरप्पांच्या घशात गाठ झाली होती. सोलापूरला शस्त्रक्रिया ठरली होती. जीव वाचणार होता, आवाज मात्र कायमचा जाणार होता. अपेक्षा लहान असताना, दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते तिला पोत्यांवर निजवून मीठ मागायला आलेल्या बगळ्याची गोष्ट सांगत. आपल्या बाळानेही ती त्यांच्याच आवाजात ऐकावी, म्हणून गोष्ट माझ्यात बोलून ठेवा, असं म्हणत ती रोज त्यांच्या मागे लागे. ते लाजत. "माझा आवाज काय लोणचं हाय का, भरून ठिवायला?" असं म्हणून उठून जात.

निघायच्या दिवशी सकाळी ते आपणहून माझ्यासमोर येऊन बसले. आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. त्या काळात ती गेली की संध्याकाळशिवाय येत नसे, आणि जीप तर दुपारी येणार होती. माझ्यात थोडीच शक्ती उरली होती. अपेक्षाने बटणाकडे हात नेला, तसं शांतादेवींनी तिचं मनगट धरलं.

"कावून मालवतीस गं? माणूस दवाखान्याला निघालाय. आज दिवा मालवायचा न्हाई."

"आई, ह्यो दिवा हाय तवर ह्ये यंत्र लांब लांब हाका मारतंय. हितं त्याला ओ द्यायला कुणी न्हाई. त्याची ताकद त्यातच सरती. अप्पांची गोष्ट अर्धीच राहील."

ईश्वरप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "त्याला म्हणावं, जरा घरातल्याचं बी आईक."

शांतादेवींनी देवळीत पणती लावली. ती नीट तेवते आहे असं पाहून त्या माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी मला हात जोडले. "लई दमलास बाबा. नीज आता," म्हणाल्या, आणि स्वतःच्या बोटाने बटण सरकवलं.

मित्रांनो, निळा दिवा गेला आणि माझं आभाळ एकदम मिटलं. मी घाबरलो. मग हळूहळू जवळचं ऐकू येऊ लागलं. पणतीची तडतड, पोत्यातून सरकणारी ज्वारी, आणि तो घोगरा, मायेचा आवाज. नदीचं पाणी अळणी लागतं म्हणून बगळा चिमूटभर मीठ मागत होता. दुकानदार म्हणत होता, आधी तुझे पाय पूस. गोष्ट खोकत, थांबत, पाणी पीत पुढे सरकत होती. शेवटी बगळा चोचीत मीठ घेऊन उडाला. ईश्वरप्पा म्हणाले, "नीज आता, बाळा." अपेक्षाने ते सारं माझ्यात जपून ठेवलं, आणि जरा वेळाने माझा पडदा काळा झाला. बाहेर जीप येऊन उभी होती.

ईश्वरप्पा बरे होऊन आले, पण बोलले नाहीत. पुढे अपेक्षाने नवा, पातळ लॅपटॉप घेतला आणि मी इथेच कपाटावर धूळ खात राहिलो. माझी बॅटरी आता म्हातारी झाली आहे. ती जेमतेम त्या एका गोष्टीपुरती पुरते, तीही निळा दिवा बंद असेल तरच. म्हणून तुम्हाला सांगतो मित्रांनो, जे लागत नाही ते वेळीच बंद करत जा. आमची शक्ती थोडी असते, ती जवळच्यांसाठी राहू द्या. आणि आमच्यासारख्या जुन्यांना भंगारात घालण्याआधी एकदा उघडून पाहा.

अपेक्षाची मुलगी संस्कृती सुट्टीत आली की मला खाली उतरवते. आजीने पणती लावली की ती हात जोडून माझं बटण बंद करते आणि पोत्यावर आडवी होते. ईश्वरप्पा तिच्या उशाशी बसतात. बगळा उडतो तेव्हा ते दोन्ही हात पसरतात. मग "नीज आता, बाळा" येतं, आणि त्यांचे ओठ हलतात. आवाज माझ्यातून येतो, पण संस्कृती बघत असते आजोबांकडेच.