खिशाचा फर्मा

आमच्या घरात एखादी वस्तू उघडत नसली, की ती जावयांकडे जाते. बरणीचं झाकण, बाथरूमची कडी, बँकेचं ॲप, सगळं. जावई म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. नोकरी विमा कचेरीत, पण सासुरवाडीत त्यांची नेमणूक तंत्रज्ञ म्हणून आहे. ही नेमणूक केली कोणी, हे मला सात वर्षांत कळलेलं नाही. बहुतेक त्यांनीच केली असावी.

त्या सोमवारी उघडायची होती एक डिस्क. बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, डाव्या फुप्फुसात आठ मिलिमीटरचा ठिपका सापडला होता. दोन दिवस आधी सर्जननी शुक्रवारचं ऑपरेशन ठरवलं होतं आणि विचारलं होतं, "याआधी कधी छातीचा स्कॅन काढला होता?"

काढला होता. चार वर्षांपूर्वी, न्यूमोनिया झाला तेव्हा.

"मग तो गुरुवारपर्यंत आणून दाखवा. ठिपका तेव्हाही एवढाच असेल, तर मी सुरी लावणार नाही. तेव्हा नसेल, तर काढावा लागेल."

इतकं सरळ काम. जुना रिपोर्ट हरवला होता. स्कॅन काढणारं सेंटर बंद पडून तिथे व्यायामशाळा झाली होती. उरली होती ती ही डिस्क, कपाटात लग्नपत्रिकांच्या खाली सापडलेली. ती घेऊन सोमवारी आम्ही सगळे पुन्हा दवाखान्यात गेलो.

बाबा शिंपी आहेत. वय एकाहत्तर, त्यातली बावन्न वर्षं शिवणयंत्रावर गेलेली. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. मी त्यांच्या हाताखाली काज-बटणं करते आणि खिसे आखते. डॉक्टरांना बाबांनी एकच गोष्ट विचारली, "ऑपरेशननंतर डावा हात वर जाईल ना? कापड मी डाव्या हातानं धरतो."

"बघू," डॉक्टर म्हणाले. हे ऐकायला मी एकटीच होते, कारण बाकीचे बाहेर डिस्कभोवती जमले होते.

मी म्हटलं, डिस्क इथेच देऊन टाकू. काउंटरवरच्या बाईंनी ती दोन बोटांत धरली आणि परत माझ्या हातात ठेवली. "बाहेरची डिस्क आमच्या मशीनमध्ये घालत नाही. व्हायरस येतो. पेनड्राइव्हवर आणा." पेनड्राइव्ह सोवळ्यातला असतो, हे मला तेव्हा समजलं.

घरी आल्यावर माझ्या नवऱ्यानं आपला लॅपटॉप चारही बाजूंनी फिरवून पाहिला. डिस्क घालायला फट नव्हती. गेली तीन वर्षं तो या लॅपटॉपवर काम करतोय, फट नाही हे त्याला त्या दिवशी कळलं. धाकट्या दिरांनी त्याच्यावर कडी केली. डिस्कच्या चकचकीत बाजूचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'कोणाकडे उघडतंय का?' तिघांनी कळवलं, आमच्याकडे नाही उघडत.

मंगळवारी जावई कचेरीतला एक जुना संगणक छातीशी धरून आले. त्याला फट होती. डिस्क आत गेली, घरघर झाली आणि पडद्यावर एक यादी आली. तीनशे बारा फायली. सोबत चित्रं दाखवणारा एक प्रोग्रॅम होता, पण तो म्हणाला की या संगणकावर मी चालणार नाही.

"फायलींच्या नावापुढे शेपूटच नाही," जावई म्हणाले. "फोटोच्या फायलीला शेपूट लागतं. मी लावतो."

मग त्यांनी सगळ्या फायली संगणकात उतरवून घेतल्या आणि एकेका नावापुढे फोटोचं शेपूट हातानं टाइप केलं. नणंद शेजारी बसून आकडे वाचत होती. त्यात अख्खी दुपार गेली. दोनदा चहा झाला. तीनशे बाराव्या फायलीनंतर त्यांनी पहिली उघडून पाहिली. ती उघडली नाही. मग दुसरी, मग तिसरी. एकही उघडली नाही.

याच गडबडीत बाबा दुकानातून आत आले होते. "अरे, ऐका, माझ्याकडे दुकानात त्याची..."

"बाबा, थांबा ना जरा," माझा नवरा म्हणाला. "लोड होतंय."

बाबा दारात उभे राहिले, मग वळून गेले. मला वाईट वाटलं, पण नवऱ्याला बोलायला मी गेले नाही. मला जावयांची फजिती पाहायची होती.

बुधवारी सकाळी मी कामाला बसले, तर बाबा खिडकीशी उभे. "सूनबाई, जरा उजेडात येतेस?"

"बाबा, दुपारपर्यंत सहा खिसे आखायचेत. नंतर येते." मी खिळ्यावरचा खिशाचा फर्मा काढला, कापडावर ठेवला आणि भोवती खडू फिरवायला लागले. आमच्याकडचे कॉलर-कफ-खिशांचे फर्मे पुठ्ठ्याचे नाहीत, काळ्या कडक प्लास्टिकचे आहेत. पुठ्ठा कडेला फाटतो, हे फाटत नाहीत.

संध्याकाळी जावयांनी विजयाची आरोळी ठोकली. कुठलंसं ॲप फोनवर उतरवून घेतलं होतं आणि फोन टीव्हीला जोडला होता. टीव्हीभर छाती उमटली. फासळ्या, खांदे, मधे हृदयाची सावली. सगळे उठून पुढे सरकले. दिरांनी व्हिडिओ सुरू केला.

जावई काठी घेऊन टीव्हीपाशी उभे राहिले. एकेक थर सरकवत त्यांनी डावं फुप्फुस वरपासून खालपर्यंत तपासलं. विमा कचेरीत माणसाची छाती वाचायला शिकवतात की काय, असं वाटावं इतक्या झोकात. शेवटी काठी खाली ठेवून ते गंभीर आवाजात म्हणाले, "स्वच्छ आहे. चार वर्षांपूर्वी ठिपका नव्हता."

म्हणजे ठिपका नवा. म्हणजे कापायचं. नणंदेनं हुंदका दिला. माझा नवरा खाली बसला. दिरांनी दहा मिनिटांत सगळ्या नातलगांना कळवलं, आणि लगेच मावशांचे फोन सुरू झाले.

बाबा उठले. गळ्यातली मोजपट्टी काढली, टीव्हीपाशी गेले आणि पडद्यावरच्या दोन्ही खांद्यांना लावली. हे पाहून नणंद आणखी रडायला लागली.

"हा खांदा माझा नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, आतून वेगळंच दिसतं," जावई म्हणाले.

"आतून दिसो, बाहेरून दिसो. माझा डावा खांदा एक बोट खाली आहे. बावन्न वर्षं माझ्या सदऱ्याला मी तिथे गादी लावतोय. हे दोन्ही सारखे आहेत."

मी पुढे होऊन पडद्याच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. डेमो पेशंट. स्त्री. वय चौतीस. ॲपवाल्यांनी नमुना म्हणून घातलेली फाइल होती ती. आमच्या अख्ख्या खानदानानं तासभर एका अनोळखी बाईची छाती पाहून गळा काढला होता.

"सेटिंग बदललेलं दिसतंय," जावई म्हणाले.

"मग बाबांच्या फायली कुठे आहेत, भावोजी?" मी विचारलं.

शेपटं लावलेल्या फायली त्यांनी कालच उडवल्या होत्या, कचरा म्हणून. हरकत नाही, डिस्क आहे, पुन्हा उतरवू. पण डिस्क आत घातल्यावर संगणक नुसता कण्हायला लागला. अर्ध्या तासानं नणंदेच्या तोंडून निघालं, की डिस्कवर डाग दिसला म्हणून त्यांनी सकाळी ती टूथपेस्ट लावून घासली होती. गोल गोल, चांगली पाच मिनिटं.

जावई म्हणाले, "आजकाल ऑपरेशनचं एवढं काही नसतं." छाती त्यांची नव्हती, म्हणून त्यांना ते इतकं सोपं वाटलं.

गुरुवारी सकाळी बाबा कोट घालून, कापडी पिशवी घेऊन दारात उभे. "सूनबाई, चल. डॉक्टरांकडे जायचंय."

"कशाला, बाबा? दाखवायला काय आहे आपल्याकडे?"

"चल तर."

डॉक्टरांच्या टेबलावर बाबांनी पिशवीतून एकेक फर्मा काढून ठेवला. डॉक्टरांनी चष्मा वर केला. "हे काय?"

"माझी छाती. ही कॉलर, हे दोन कफ, आणि हा खिसा. चार वर्षांपूर्वी डिस्कबरोबर फिल्मही दिली होती. बरा झालो, म्हटलं आता काय कामाची? प्लास्टिक कडक होतं, कापून टाकली."

मी पाहतच राहिले. रोज माझ्या हाताखालून जाणारं ते काळं प्लास्टिक मी चार वर्षांत एकदाही उजेडाला धरलं नव्हतं.

डॉक्टर हसले नाहीत. भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर त्यांनी खिशाचा फर्मा लावला. आधी चित्र दिसेना, त्यावर खडूची भुकटी बसली होती. माझाच खडू. त्यांनी तो रुमालानं पुसला. फासळ्यांचा गोल निघाला, कोपऱ्यात बाबांचं नाव, चार वर्षांपूर्वीची तारीख आणि कडेला मापाची बारीक रेघ. खिशाच्या टोकाजवळ ठिपका होता. कात्री त्याच्यापासून जेमतेम करंगळीभर अंतरावरून गेली होती.

डॉक्टरांनी दोनदा मोजलं. मग नवा स्कॅन शेजारी लावून तिसऱ्यांदा मोजलं.

"आठ," ते म्हणाले. "तेव्हाही आठ, आताही आठ. उद्याचं ऑपरेशन रद्द. हा तुकडा मात्र माझ्या फायलीत राहू दे."

बाबांनी डावा हात खांद्याच्या वर उचलला, हवेत कापड धरल्यासारखा, आणि खाली घेतला. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही.

बाहेर पायऱ्या उतरताना मी विचारलं, "बाबा, ठिपका त्या खिशातच आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी. सगळे फर्मे खिडकीला लावून पाहिले ना."

"मंगळवारी? आणि दोन दिवस तुम्ही गप्प बसलात?"

"गप्प कुठे बसलो?" बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मंगळवारी तुमचं लोड होत होतं. बुधवारी तुला सहा खिसे आखायचे होते."

ते सहाही खिसे मी त्याच फर्म्यानं आखले होते.