दोन नावांमधली जागा

देवाचं नाव लिहायला घेतलं की राजा दारात आला तरी मान वर करायची नाही, हा आमच्या पोथी लिहिणाऱ्यांचा नियम. आमचे हे तर एरवीसुद्धा कुणाकडे धड बघत नाहीत, त्यामुळे त्यांना तो फारच सोपा गेला.

सना शहरातल्या आम्हा यहुद्यांत त्यांच्यासारखं अक्षर कुणाचं नाही. आमचा अवाद त्यांच्याच हाताखाली शिकला. सात वर्षांपूर्वी त्याच्या हातून देवाच्या नावातच चूक झाली. लिहिलेलं नाव खोडायचं नसतं, ज्यावर लिहिलं ते अख्खं कातडं कबरस्तानात नेऊन पुरायचं असतं. पोरानं बापाच्या भीतीनं ते नाव सुरीनं गुपचूप खरवडलं. ह्यांनी कातडं उन्हात धरलं आणि ओळखलं. "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस," एवढंच म्हणाले. अवाद एडनला निघून गेला. तेव्हापासून ह्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं.

परवा सकाळी मी तंदुरात रोट्या लावत होते, तर दारात अवाद.

"आई, बाबांना सांग ना, मी आलोय."

"तूच सांग. तुला तोंड नाही का?"

तो ह्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर गेला. "बाबा."

हे कातड्यावर वाकलेले. बोरू चालूच.

अवादचा चेहरा उतरला. "बघितलंस? निघतो मी."

"थांब रे मेल्या! नाव लिहितायत ते. इतक्यात विसरलास?"

ती ओळ मला पाठ आहे. देवाचं नाव लागोपाठ दोनदा येतं, आणि पुढे 'दयाळू, कृपाळू'. दोन नावांच्या मध्ये थांबून उत्तर द्यायची मुभा असते. पण चाळीस वर्षांत हे तिथे कधी थांबले नव्हते. दोन्ही नावं एका दमात, हाच त्यांचा तोरा.

पहिलं नाव संपलं. बोरू पुढे सरकला. आज नाही बोलले तर हा पोरगा मला पुन्हा दिसायचा नाही, हे मला कळत होतं.

ह्यांनी बोरू दौतीवर आडवा ठेवला. मान खालीच.

"अवाद, दार लाव. धूळ येतेय."

बिचारा निमूटपणे बाहेर जाऊन दार ओढायला लागला.

"आतून लाव, गाढवा."

मला रडू फुटलं, पण आवाज करायची सोय नव्हती. ह्यांनी दुसरं नाव लिहायला घेतलं होतं.