चढावरची टकटक

गाडी गप्प झाली तेव्हा घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. फक्त मोठीच्या जिवाला चैन पडेना.

गाडी म्हणजे स्कूटर. बिनगिअरची, पुढून करडी आणि मागून जरा वेगळी करडी, कारण मागचा पत्रा एकदा दुसऱ्याच डब्यातल्या रंगाने रंगवला होता. मोठीच्या नवऱ्याने ती घेतली तेव्हा त्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते, पण शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान अजून जोरात होतं. दुकान दोघं मिळून चालवायची. दुरुस्त झालेली मशीनची मुंडकी तो पायांपुढच्या फळीवर ठेवून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचा. त्या वजनाने फळीवरच्या रबराला पडलेला खळगा अजून तसाच होता. मोठी त्या खळग्यात पाय ठेवायची नाही. उगाच आपली, एक सवय.

पुढे लोक कपडे तयार आणायला लागले, मशीनी माळ्यावर गेल्या, दुकान मिटलं. मग नवराही गेला. गाडी तेवढी राहिली, आणि त्या गाडीवरून मोठी रोज दुपारी धाकटीकडे जायची.

धाकटी तिची पाठची बहीण. वस्तीच्या बाहेर, चढ चढून गेलं की आजारी म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं एक घर होतं. तिथे वरच्या मजल्यावर धाकटीची खाट. अर्धांगाच्या झटक्यातून ती वाचली होती, पण डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, आणि डावा पाय, तिच्याच शब्दांत, पाहुण्यासारखा वागायचा. मनात आलं तर उठायचा. सगळा दिवस ती अंथरुणाला खिळलेली असायची. पण दुपारी चढावर मोठीच्या गाडीची टकटक कानावर आली की नर्सबाईंना म्हणायची, "कंगवा द्या हो, ताई आली." मग केस सारखे करून, खाटेची दांडी धरून ती उभी राहायची आणि भिंतीच्या आधाराने खिडकीपर्यंत चालत जायची. दिवसाचं चालणं म्हणजे तेवढंच.

"तेवढ्यावरच पाय तगलाय तिचा," नर्सबाई म्हणायच्या. "आमच्या सांगण्यावरून ती कूससुद्धा बदलत नाही."

ती टकटक इंजिनातली होती. मशीनची सुई पट्टीवर आपटावी तशी बारीक, एका तालातली. मोठीला तिचं काही वाटायचं नाही. तिचा जन्म असल्या आवाजांतच गेला होता. दारात गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की नवरा नुसतं चाक फिरवायचा आणि आतून ही सांगायची, कुठला स्क्रू ढिला आहे ते. धाकटी तर तिच्याही वरची. लहानपणी जिन्यावरच्या पावलांवरून ती सांगायची, वडील आले, खिशात सुटे पैसे आहेत, आणि आज स्वारी रागात आहे.

मोठीच्या मुलाला मात्र ती टकटक सोसवत नसे. तो दुसरीकडे राहायचा, सुट्टीच्या दिवशी यायचा, आणि आला की आधी गाडी चालू करून कान लावायचा.

"आई, हे इंजिन सुटं व्हायला आलंय. चढावर बंद पडलं तर काय करशील? विकून टाकू."

"आणि धाकटीकडे कशी जाऊ? तिकडे बस जात नाही."

"मी नेईन की सुट्टीला."

"तिचा पाय काय फक्त सुट्टीच्या दिवशी असतो का रे?"

मुलगा हसला नाही. "पुढच्या वेळी येईन तेव्हाही हाच आवाज असेल, तर मी गिऱ्हाईक बघणार. तुझं काही ऐकणार नाही."

हे बोलणं खालच्या मजल्यावर राहणाऱ्या भावजींनी ऐकलं. मोठीचे हे धाकटे दीर. जन्मभर ट्रक चालवला, आता जिन्याखाली खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला नावं ठेवायचे. वहिनीवर त्यांचा फार जीव, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी "हवा भरून आणतो" म्हणून गाडी घेऊन गेले आणि परत आले ते मिशीत हसत.

"वहिनी, ऐका!"

"काय ऐकू? काहीच ऐकू येत नाही."

"तेच ऐका म्हणतोय मी!"

गाडी दारात चालू उभी होती आणि तिच्यातून नुसता एक जाड हुंकार येत होता. टकटक नाही.

"काय केलंत हो?"

"तेल बदललं. ट्वेंटी-फिफ्टी घातलं. मधासारखं जाड. ट्रकला जन्मभर हेच पाजलं मी."

"हा काय ट्रक आहे?"

"इंजिन ते इंजिन. म्हातारपणी जाड पांघरूण लागतं, वहिनी. आता येऊ दे तुमच्या लेकाला."

लेक आला, त्याने कान लावला, एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बरं, राहू दे अजून." भावजींनी मोठीकडे बघून डोळे मिचकावले. गाडी वाचली.

पण मोठीला त्याआधीच, तेल बदललं त्याच दुपारी, कळलं होतं की काहीतरी बिनसलंय. चढावर गाडी ओझं उचलल्यासारखी चालत होती. वर पोचून तिने मान उंच केली, तर खिडकी रिकामी. जिना चढून गेली तर धाकटी भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"कोण?"

"अगं, मी."

"गाडी कुठाय?"

"खाली उभी आहे."

"खोटं. आवाज कुठे आला?"

मोठीने तेलाचं सांगितलं. जाड तेल, पातळ तेल, भावजी, ट्रक, सगळं सांगितलं. धाकटीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान रचलंस. गाडी विकलीस तू. आज कुणीतरी आणून सोडलं. उद्या कोण सोडणार?"

दुसऱ्या दिवशी मोठीने चढभर हॉर्न वाजवला. "हॉर्न काय, सगळ्यांनाच असतो," धाकटी म्हणाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी किल्ली तिच्या हातात दिली. धाकटीने ती अंगठ्याने चाचपली, दात मोजल्यासारखी, आणि परत केली. "गाडी विकली तरी एक किल्ली घरी राहतेच. माझी समजूत काढू नकोस, ताई. मी आंधळी आहे, खुळी नाही."

आणि ती उठली नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. एकदा नर्सबाईंनी मोठीला जिन्यापाशी गाठलं. "पाय उचलत नाहीये ती. असंच राहिलं तर आखडेल. मग मात्र तो चालायचा नाही. तिच्याशी बोला काहीतरी."

बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं. मोठी घरी आली आणि तिला एका जागी बसवेना. भांडी घासली, परत घासली. गॅलरीत गेली, रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटरी ऐकल्या, आत आली. प्रत्येक गाडीला आपला आवाज होता, तिच्याच गाडीला नव्हता. भावजींना सांगावं तर त्यांनी एवढ्या मायेने केलेलं. मुलाला सांगावं तर तो म्हणणार, म्हणजे मावशीसाठी मोडकं इंजिन चालवणार का तू? जिना उतरली, अर्ध्यातून परत चढली. आणि माळ्याकडे नजर गेली.

माळ्यावर दुकानातला सामानाचा डबा होता. त्यात नवऱ्याची लांब चोचीची तेलाची पिचकारी, आणि मशीनच्या तेलाचा एक न फोडलेला कॅन. दुकानाचा नियम साधा होता. मशीन जड चालायला लागलं की पातळ तेल सोडायचं, आणि ते मोकळं बोलायला लागेपर्यंत सोडत राहायचं. मग चाक हलकं होतं, जुनं चिकट तेल वाहून जातं. हजार मशीनी त्या नियमावर चालल्या होत्या. तिला वाटलं, ही का चालू नये?

भावजी झोपलेत असं बघून तिने गाडीच्या तेलाचं झाकण काढलं. गाडी बाजूच्या स्टँडवर एका अंगाला कललेली, त्यामुळे झाकणाच्या काडीला तेल लागलंच नाही. म्हणजे कमीच आहे, असं तिने धरलं आणि पिचकारी रिकामी केली. कॅन संपेपर्यंत परत परत भरली, परत परत रिकामी केली. मशीनमध्ये जास्तीचं तेल खालून गळून जातं, फडक्याने पुसलं की झालं. इंजिनातून ते कुठे गळणार, हा प्रश्न तिच्या मनाला शिवलाच नाही.

त्या दुपारी गाडी चढाला लागली आणि मागून पांढरानिळा धूर सुटला. आधी थोडा, मग असा की मागचा मोटारवाला काच वर करून थांबला. गाडीने आचके दिले आणि चढाच्या मधोमध मान टाकली. मोठी तिला कडेला लावून पायी वर गेली. धाकटीने पावलं ऐकली, धाप ऐकली.

"चालत आलीस," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मोठीला तेच जास्त लागलं. "म्हणजे विकलीच."

भावजींनी टेम्पो आणून गाडी गॅरेजात नेली. गॅरेजवाला त्यांच्या ओळखीचा, तोंडाने फटकळ. त्याने खालचा बोल्ट काढला आणि तेल घमेल्यात पडायला लागलं. पडतच राहिलं.

"इंजिनाला अंघोळ घातलीत की काय? आणि हे जाड होतं, त्याचं पाणी कुणी केलं?"

भावजी वहिनीकडे बघायला लागले. वहिनी घमेल्याकडे.

"मशीनचं घातलं," ती म्हणाली. "शिवणाचं."

"का पण, वहिनी? गाडी एवढी छान गप्प झाली होती!"

"म्हणूनच," मोठी म्हणाली, आणि मग तिने धाकटीचं सगळं सांगून टाकलं. भावजी पान्हे टांगलेल्या फळीकडे तोंड करून उभे राहिले. तिकडूनच म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंत? माझ्या तेलापायी ती बिचारी... छे."

गॅरेजवाल्यावरही त्यांनी तोंडसुख घेतलं. "तू तरी सांगायचंस, स्कूटरला एवढं जाड नको म्हणून!"

"काका, तुम्ही मागितलं, मी ओतलं. तुमच्याशी वाद घालून मागे एकदा माझी अख्खी सकाळ गेली होती." त्याने कपाटातून बाटल्या काढून ओट्यावर मांडल्या. "हे टेन-थर्टी, स्कूटरचं. कंपनी हेच सांगते. पातळ असतं, गाडी गार असताना चटकन वरपर्यंत पोचतं. पण यात टकटक परत येणार. हे त्याच्याहून जाड, आवाज दाबून टाकेल. थोडं इंजिनावर ओझं, पण तुमचा मुलगा खूश."

"पोरगा विकायला काढेल, वहिनी," भावजी हळूच म्हणाले. "आवाज आला की काढेल. विचार करा."

मोठीने दोन्ही बाटल्यांतला थेंब थेंब मागून घेतला. अंगठा आणि बोट यांच्यात चोळला, दुकानात चोळायची तसा. जाड तेल बोटांना बिलगून राहिलं. पातळ तेल सरकलं, पण कोरडं झालं नाही. गाडी राहिली आणि धाकटी उठली नाही, तर त्या गाडीचं करायचं काय?

"हे," ती म्हणाली. "टेन-थर्टी."

गॅरेजवाल्याने गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी केली, मोजून तेल घातलं, धुराने तेलकट झालेला हवेचा फिल्टर बदलला. बटण दाबलं. गाडी खोकली, एक शेवटचा धुराचा गोळा टाकला, आणि मग तापत तापत तिच्या पोटातून ती बारीक टकटक यायला लागली. मोठीने भिंतीला हात टेकला.

"ही टॅपेटची आहे, झडपा उघडतात तिथली," गॅरेजवाला कान लावून म्हणाला. "फट जरा वाढलीय. पान्हा फिरवतो, आत्ता बंद करतो. मग तेल कुठलंही असो, कायमची गप्प."

"नको!" मोठी एवढ्या जोराने म्हणाली की तो दचकला. "इंजिनाला धोका आहे का?"

"धोका नाही. फार घट्ट असण्यापेक्षा थोडी सैल बरी. वाढली तर आणा."

"मग राहू दे."

तेवढ्यात मुलगा दारात. भावजींनीच घाबरून त्याला फोन केला होता. त्याने आवाज ऐकला आणि कपाळाला हात लावला. "परत तेच? आई, आता बास. मी आजच..."

"मागे बस," मोठी म्हणाली.

"काय?"

"मागे बस म्हणते ना."

"मी चालवतो, तू मागे..."

"बस गप."

भावजी म्हणाले, "बस रे बाबा. मी ट्रक चालवत होतो तरी वहिनींपुढे माझं कधी चाललं नाही."

तो बसला. लहानपणी त्या गाडीच्या मागे बसायचा तसा, गुडघे आवळून. मोठीने रबरावरच्या खळग्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवले आणि गाडी काढली. चढ लागला. टकटक भिंतींवर आपटून परत येत होती. मोठीची नजर वर, खिडकीवर. खिडकी रिकामी. वळण गेलं, तरी रिकामी. पाय आखडलाच असेल, उशीर झाला असेल. हे तेलही...

मग खिडकीत नर्सबाई दिसल्या. मग त्यांचा हात, आणि त्या हाताला धरून धाकटी. केस एका बाजूलाच विंचरलेले, कंगवा अजून मुठीत. ती डगमगली, चौकट पकडली, आणि उभी राहिली.

मोठीने खिडकीखाली गाडी थांबवली, पण बंद केली नाही. मागून मुलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"एवढे दिवस कुठे होती गाडी?" धाकटी वरून ओरडली.

"दुरुस्तीला!"

"मग तसं सांगायचं ना! तेल काय, ट्रक काय, काहीच्या काही!" मग ती थांबली, मान तिरकी करून ऐकलं. "आणि मागे कुणाला बसवलंयस? जड चालत होती ती."

मुलाने आईकडे बघितलं, मग वर. "मावशी, मी आहे."

"उतर की मग घोड्या! चढ आहे, तिला त्रास होतो."

तो उतरला. सवयीने किल्ली फिरवायला पुढे झाला, तशी मोठीने त्याच्या हातावर हात ठेवला.

"थांब जरा," ती म्हणाली. "चालू राहू दे."