दोघांनी पाहिलेली काच

घोडेगावच्या शिवारात आक्काबाईंची वस्ती होती आणि शेळ्यांच्या राखणीला पैलवान नावाचा कुत्रा होता. मागल्या उन्हाळ्यात बिबट्या गोठ्यापाशी आला, तेव्हा पैलवानानं भुंकून भुंकून सगळी वस्ती गोळा केली. एकही शेळी जाऊ दिली नाही. यंदा त्याचीच दशा झाली. मानेचे केस झडले, कातडी जाड नि काळपट पडली, खाजवून खाजवून जीव मेटाकुटीला आला. अंगाला असा कुबट वास सुटला, की सून बाळाला घेऊन ओट्यावर बसेना. कुणी जळकं ऑईल लावायला सांगितलं, कुणी लांब सोडून यायला. आक्काबाईंनी कुणाचंच ऐकलं नाही. मुलाला म्हणाल्या, "अंगद, टेम्पो काढ."

निघण्याआधी त्यांनी पैलवानाला साबणानं खसाखसा घासून धुतलं. परक्याच्या दारात घाणेरडं जनावर कसं न्यायचं?

केडगावच्या दवाखान्यात डॉक्टर दीनाबाईंनी पैलवानाच्या मानेवर काचपट्टी दाबली, तिला रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसल्या.

"आजी, मला बुरशीचा संशय होता. पण काचेवर काहीच सापडत नाही."

"मंजी रोग न्हाई?"

"तसं नाही म्हणवत. घरी काही लावलं होतं का?"

आक्काबाई ओशाळल्या. "सकाळी धुतला, बाई. तुमच्याकडं आनायचा म्हून."

त्यांना वाटलं, आता बोलणी बसणार. दीनाबाई मात्र हसल्या. "बरं झालं सांगितलंत. कातडीवरचं होतं नव्हतं ते साबणाबरोबर गेलं असेल. आता धुऊ नका. पुढच्या आठवड्यात आहे तसाच आणा."

पुढच्या खेपेला अंगदनं नाकाला रुमाल बांधून टेम्पो चालवला. दीनाबाईंनी मान, काख, पायाची बोटं अशा वेगवेगळ्या जागांच्या काचा घेतल्या. स्वतः पाहून झाल्यावर काही न सांगता त्याच काचा दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांपुढे, जोशुआंपुढे ठेवल्या.

आक्काबाई हळूच म्हणाल्या, "तुमी बगितलं की. मंग त्यास्नी कशाला?"

"माझ्या मनात बुरशी बसलीय, आजी. मनात असतं तेच कधी कधी डोळ्याला दिसतं. त्यांनाही दिसली तर माझा भरवसा वाढेल."

जोशुआंनी मान वर केली. "बोटांत भरपूर बुरशी आहे, मानेवरही. काखेचं मात्र मला पटत नाही."

"मला तिथंही वाटली होती," दीनाबाई म्हणाल्या आणि पैलवानाची काख पुन्हा उचलली. नव्या काचेवर मात्र दोघांनाही बुरशी दिसली. मगच गोळ्या आणि औषधी शाम्पू लिहून दिला.

दिवाळीच्या सुमाराला आक्काबाई पुन्हा दवाखान्यात उभ्या राहिल्या, सोबत बाजरीची पिशवी. पैलवानाच्या मानेवर मऊ तांबूस लव आली होती.

"आता कशाला आणलात? बरा झालाय की!"

"दावायला." आक्काबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. "बाई, त्या दिशी काचंवर काय न्हाई म्हून तुमी कायबी औशीद देऊन वाटंला लावलं आसतं, तरी आमाला काय कळनार हुतं? तुमी म्हनलात, परत बगू."

त्यांनी दीनाबाईंच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. दीनाबाईंनी खाली वाकून पैलवानाची मान खाजवली, आणि तो डोळे मिटून निवांत उभा राहिला.