आमदारसाहेबांचा नमुना

मित्रांनो, आधी नाक मुरडू नका. मी लघवी तपासण्याची एक जुनी डबी आहे, आणि मी अजून कोरडी आहे. पांढरे अंग, लाल झाकण. विक्रोळीतल्या एका लहानशा लॅबच्या फळीवर माझा मुक्काम आहे.

माझ्याबरोबर खोक्यातून आलेल्या बहिणी केव्हाच कामी आल्या. बहुतेक जणी बस आणि ट्रक चालवणाऱ्यांच्या हाती गेल्या. नोकरी टिकवायची तर त्यांना नशेची तपासणी द्यावी लागते. शाळेची बस चालवणारा नंदू दर तीन महिन्यांनी येई. तो साधी सुपारीही खात नसे. तरी तो आत गेला की संडासाच्या दाराशी कंपनीचा माणूस उभा राही. बाहेर येताना नंदूची मान खाली असे. मला ते बघवत नसे.

एकदा नशामुक्तीच्या सभेत त्याने उभे राहून थेट आमदारांनाच विचारले. लॅबमधल्या सुहासिनीताई तिथे होत्या, त्यांनीच ही हकिगत इथे येऊन सांगितली.

"साहेब, मी पोरांची बस चालवतो म्हणून माझी टेस्ट होते. तुम्ही तर कायदे करता. तुमची नको का?"

मग आमदार म्हणाले, "बरोबर बोललास रे! रविवारी पहिला मीच देतो. मग बाकीच्या आमदारांनाही द्यायला लावतो."

माझे भाग्यच उजळले. ताईंनी माझ्यावर आमदारांच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. मी किती मिरवले म्हणून सांगू! नंदू तर हवेत तरंगत होता. आता दाराशी माणूस उभा राहिला तरी लाज वाटणार नाही, असे तो ताईंना म्हणाला. त्याच आनंदात त्याने लॅबबाहेर मोठा फलक लावला: 'आमचे आमदार, राज्यातला पहिला नमुना!'

बिचारा! लॅबमध्ये आम्ही सगळे तपासायला दिलेल्या लघवीला नमुनाच म्हणतो. पण रस्त्यावर कुणाला 'नमुना' म्हटले की काय होते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

रविवारी आमदार आले. त्यांनी मला हातात घेतले, झाकणही उघडले. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी ओरडले, "ए, नमुना आला रे!" आणि सगळा रस्ता खो खो हसला. आमदारांनी दारातून वाकून फलक वाचला. त्यांचे कान लाल झाले. "माझी थट्टा करता काय?" म्हणत त्यांनी मला टेबलावर आपटले आणि ते निघाले.

नंदू गाडीमागे धावला. "साहेब, तसं नाही हो! लॅबमध्ये असंच म्हणतात ना!" गाडीची काच वर गेली होती.

ते खरेच दुखावले, की सुटलो म्हणून खूश झाले, मला आजही कळत नाही. नंतर मात्र त्यांना कोणी विचारायलाही गेले नाही. लोकांना हसायला मिळाले, तेवढे पुरले.

झाकण एकदा उघडल्यामुळे मी दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही. ताईंना मला टाकवतही नाही. माझ्या शेजारी नव्या डब्या येतात आणि जातात, कोणाशी ओळखही होत नाही. फार एकटे वाटते.

नंदू अजून येतो. नवी डबी घेतो आणि माझ्याकडे न बघता आत जातो. दाराशी तोच माणूस उभा राहतो.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. मते मागायला कोणी तुमच्या दारात येईल, तेव्हा त्याच्या हातात माझ्यासारखी एक डबी ठेवा. आणि ती घेऊन तो खरेच आत निघाला, तर तुमच्या पाया पडते, हसू नका.