पागोळीची जागा

केतनला वागायची रीत नाही. सख्खा पुतण्या, भिंतीला भिंत लावून डंपर रंगवायचं गॅरेज काढतो, आणि मला कळतं कधी, तर कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर. चहाला रोज यायचा, पण तोंडातून अक्षर काढलं नाही.

आमचं घर गव्हाणच्या जुन्या गावठाणात. मागच्या खोलीत आमचे मालक, म्हणजे केतनचे काका, दम्याने झोपून असतात. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, खिडकी उघडी ठेवा. आता उघडली की रंगाचा भपकारा आत, बंद केली की त्यांचा जीव कोंडतो.

मी गॅरेजच्या दारात उभी राहिले. "केतन, हे राहायचं गाव हाय का कारखाना?"

"काकी, जमीन विमानतळात गेली. धंदा नको करू तर काय करू? उलव्यात गाळ्याचं भाडं परवडत नाय. गावठाणात कोण अडवतोय?"

"मी अडवते. दोन घरांच्या मधी पागोळ्या पडतील एवढी जागा सोडतात. तीबी तू पत्र्याखाली घेतलीस."

त्याने हसत बोट वर केलं. "तुमची गॅलरी बघा, काकी. परेशदादाने स्लॅब टाकला तवा ती जागा पयली कुणी घेतली?"

गॅलरी मीच मागितली होती, वाळवणाला ऊन पाहिजे म्हणून. केतनची आई तेव्हा काही बोलली नाही. मी तिला बोलूच दिलं नव्हतं.

तरी मुलाला, परेशला, घेऊन बांधकाम परवानगीच्या कचेरीत गेले. अर्ज सुनेने लिहिला, सही माझी. साहेब वाईट नव्हता, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "आजी, नव्या शहराच्या सेक्टरात घर कुठे, गॅरेज कुठे हे ठरलेलं असतं. तुमच्या गावठाणात तसं काही आखलेलंच नाही. विनापरवाना बांधकाम म्हणून अर्ज घेतो, पण मोजणीचा माणूस दोन्ही घरं मोजेल. तुमच्या वरच्या मजल्यांना परवानगी आहे का?"

परेशने टेबलावरचा अर्ज उचलला आणि घडी घालून खिशात टाकला. माझ्याकडे बघितलंही नाही.

मग खाट पुढच्या खोलीत आणली. समोरच्या घरातल्या कल्पेशने तंदुरीची भट्टी लावलेली, तिचा धूर सगळा आत. तिसऱ्या दिवशी खाट परत मागे नेली.

शेवटी परेशने आम्हा दोघांसाठी कामोठ्यात भाड्याने खोली घेतली. मालक म्हणाले, "मी कुठं जाणार नाय." पण पुढचं खोकल्यात गेलं, आणि कोणी पुन्हा विचारलं नाही.

न्यायला टेम्पो केतनचाच. त्या दिवशी त्याने कॉम्प्रेसर बंद ठेवला. खाट स्वतः उचलली, उंबऱ्यावर हिसका बसू दिला नाही, काकाच्या पाठीला उशी लावली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काकी, मागची खोली आता रिकामीच हाय. डंपरचे दरवाजे ठेवू का?"

परेश मान खाली घालून उभा. मी नाही म्हटलं तरी महिन्याभरात तो हो म्हणणार, हे मला दिसत होतं.

मी टेम्पोत चढले, पदर सावरला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी बोलले, "केतन, तुझ्या काकाला घराबाहेर तू काढलंस. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगणार. खाट किती जपून उचललीस, ते नाय सांगणार."